हरणांची हजेरी

प्राँगहॉर्नला मराठीत नाव नाही. उर्दूतही नाही. शाळेत आम्ही मुलांना हिरन, आहू, गजाल असे तीन शब्द शिकवतो आणि गझल हा शब्द गजालवरून आला असे काही लोक मानतात, हेही वर सांगून टाकतो. (एकदा एका मुलाने विचारले होते, "आपा, हिरन शेर पढता क्या?" उर्दू शाळेत बाईंना आपाच म्हणतात.) पण अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळावर 2025 च्या ऑगस्टमध्ये जे जनावर आम्ही सात पहाटे पाहत बसलो, ते या तिन्ही शब्दांत मावत नाही. ते चितळ-सांबराच्या कुळातले नाही आणि काळवीट-चिंकाऱ्याच्याही नाही. त्याच्या कुळातले बाकी सगळे हजारो वर्षांपूर्वी संपले, हे एकटे उरले. चितळाची शिंगे दरवर्षी झडतात, काळविटाची जन्मभर राहतात. याचे आतले हाड राहते आणि वरची खोळ दरवर्षी गळून नवी येते. तिथले लोक मात्र एवढ्या भानगडीत पडत नाहीत. ते याला सरळ 'गोट' म्हणतात, म्हणजे बकरी. या बकरीवरून आमच्या घरात बरीच चर्चा झाली, ती पुढे येईल.

आमचा धाकटा भाऊ लॅरमी गावात राहतो, तिथल्या विद्यापीठात संगणकाचे काम करतो. गाव समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच. पहिले चार दिवस जिना चढताना आम्हाला धाप लागत होती. भावजयीचे पहिले बाळंतपण, तिच्या आईचा व्हिसा लांबलेला, आमच्या अम्मी हयात नाहीत. तेव्हा बिनपगारी रजा टाकून सोलापूरहून आम्हीच गेलो. जुलैच्या अखेरीस मुलगी झाली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भावजयीची आई हैदराबादेहून पोचली आणि आल्या दिवशीच तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतले. आमच्या हाताला काम उरले नाही. धाकटा म्हणाला, "आपा, फज्र के बाद चलते क्या? सीजन खुलने के पहले देखके आना है."

आम्हाला वाटले, शिकार म्हणजे बंदूक घ्यायची आणि निघायचे. तसे नसते. आधी अर्ज करायचा, मग जूनमध्ये सोडत निघते. सोडतीत नाव लागले तर परवाना मिळतो, तोही एका ठरलेल्या भागाचा, एका जनावराचा. 2022-23 च्या हिवाळ्यात वायोमिंगच्या पश्चिम भागात बर्फाने आणि रोगाने ही जनावरे फार मेली, तेव्हा सरकारने हजारो परवाने कमी केले. धाकट्याचे नाव दोन वर्षे लागले नव्हते, या वर्षी लागले. बंदुकीचा हंगाम सप्टेंबरात उघडतो. त्याआधी महिनाभर पहाटे जाऊन कळप कुठे चरतो, पाणी कुठे पितो, कोणत्या वाटेने परततो, हे नुसते पाहायचे. बंदूक घरी. हातात दुर्बीण, थर्मासमध्ये चहा आणि फोनवर जमिनीचा नकाशा.

शौकासाठी तो हे करत नाही, हे सांगायला हवे. हलाल गोश्त आणायला त्याला शेजारच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरकडे जावे लागते. एका बाजूने दोनशे किलोमीटर. हिवाळ्यात वारा आणि बर्फ यांनी रस्ते बंद होतात ते होतात. दफ्तरातल्या एका अमेरिकन सोबत्याने सुचवले, एक जनावर मारले तर फ्रीझर तीन-चार महिने भरतो. धाकट्याने रीतसर शिकाऱ्याचा वर्ग केला, परीक्षा दिली. आमच्या घराण्यात बंदूक हातात धरलेला हा पहिला माणूस. अब्बा रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या हातात जन्मभर फक्त हिरवी आणि लाल झेंडी.

लॅरमीहून उत्तरेला रॉक रिव्हर नावाचे चिमुकले गाव आहे. पाऊण तासाचा रस्ता. अंधारात पिकअप लावायची, काच खाली करायची आणि उजाडायची वाट पाहायची. उजेडाच्या आधी वास येतो. माळभर सेजब्रश नावाचे करड्या पानांचे झुडूप आहे. पहिल्या दिवशी त्याची काडी चुरगळून नाकाशी नेली आणि आम्हाला एकदम दवणा आठवला. नंतर कळले की दोघे एकाच कुळातले आहेत. पंढरपूर-सोलापूरकडे बाजारात गजऱ्यात दवणा ओवलेला असतो, आणि इथे तोच वास शेकडो मैल पसरलेला, त्यावर थंड वारा.

मग जनावरे दिसू लागतात. आधी पांढरे ठिपके. पुठ्ठ्यावरचे केस इतके पांढरे की दोन किलोमीटरवरून चमकतात. घाबरले की ते केस फुलवतात आणि दूरच्या कळपाला इशारा पोचतो. लपायला झाड नाही, आडोसा नाही. माणसाला आठपट दुर्बिणीतून दिसेल तेवढे त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसते, असे शिकारी म्हणतात. म्हणजे आम्ही त्यांना पाहत होतो आणि ते आम्हाला, आणि त्यांना जास्त स्पष्ट दिसत होते. गाडीत बसलो तोवर त्यांना फारसे काही वाटत नसे. दार उघडून एक पाय खाली ठेवला की सगळ्या माना वर. "आपा, हिलो नक्को. देख रा है." आम्ही पाय हवेत तसाच धरून ठेवला, दोनेक मिनिटे. पर्यवेक्षक वर्गात आल्यावर पोरे बसतात तसे.

पवनचक्कीने भरणारा गुरांचा एक हौद होता. ऑगस्टमध्ये माळ वाळलेला असतो, म्हणून सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कळप तिथे येई. नऊ माद्या, अकरा पाडसे आणि एक नर. नराच्या गालावर काळा पट्टा असतो, मादीला नसतो. या नराचे डावे शिंग टोकाला आत वळलेले होते, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येई. उन्हाळ्यात नर आपला टापू राखतो. हा रोज एकाच कडेने फिरून, एकाच दगडापाशी थांबून, झुडपाला तोंड घासून खूण करत असे. गावातला हवालदार गस्त घालतो तसा. सोबत्याने धाकट्याला शिकवले होते की शिंग कानाच्या किती पट आहे ते मोजायचे, म्हणजे किताब मिळण्याजोगा नर कोणता ते समजते. धाकट्याला किताबात रस नव्हता. तो वारा कोणत्या वेळी फिरतो आणि हौदापासून दीडशे यार्डांवर पालथे पडायला खळगा कुठे आहे, हे वहीत लिहीत होता.

आम्हालाही वहीशिवाय चैन पडेना. पंधरा वर्षे हजेरी घेतलेला हात. आम्ही मागच्या पानावर कळपाचे हजेरीपत्रक आखले. माद्यांना एक ते नऊ क्रमांक; एकीचा कान फाटलेला, एकीच्या मानेवरचा पट्टा तुटक, अशा खुणा. पाडसांना वेगळा रकाना. यांना बहुधा जुळी होतात. मे-जूनच्या सांध्यात जन्मलेली पाडसे आता आयांबरोबर धावत होती. चौथ्या पहाटे अकराऐवजी दहाच आली. धाकटा म्हणाला, "कोयोटी." तिथला कोल्हा. दोन दिवस सहा नंबरची मादी कळपापासून जरा मागे राहून चरत होती. आम्ही रकान्यात 'गैरहाजर' लिहिले. नंतर ते खोडावेसे वाटले, पण हजेरीत खाडाखोड करायची नसते.

एका गोष्टीने आम्ही थक्क झालो. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने पळणारे हे जनावर कुंपणावरून उडी मारत नाही! गुडघे टेकून तारेखालून सरपटत जाते. आमच्याकडे नान्नजच्या माळावर काळवीट चालता चालता उगीचच उंच उडतो. याने कधी उडी शिकलीच नाही, कारण त्याच्या माळावर लाखो वर्षे उडी मारावी असे काही नव्हतेच; फक्त धावायचे होते. कशापासून धावायचे? आज तिथल्या कोणत्याही शिकारी जनावराला याच्या निम्मा-पाऊण वेगच पुष्कळ. जॉन बायर्स नावाच्या शास्त्रज्ञाने मोंटाना राज्यात वर्षानुवर्षे या जनावरांचा अभ्यास केला. त्याचे म्हणणे असे की हा वेग मेलेल्या शत्रूंसाठी आहे. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत चित्त्यासारखे एक जनावर होते. ते गेले, पण त्याच्यापुढे पळणारे पाय राहिले. सगळ्यांना हे मत मान्य नाही. आम्हाला मात्र पटले, कारण आम्ही सोलापूरचे. आमच्या काळविटाचाही चित्ता गेला. 1947 साली कोरियाच्या महाराजांनी शेवटचे तीन मारले, 1952 मध्ये सरकारने तो संपल्याचे जाहीर केले. 2022 मध्ये नामिबियातून आठ आणून कुनोला सोडले, पण कुनो कुठे आणि नान्नज कुठे. आमचा काळवीट अजून तसाच उधळतो, ज्वारीच्या रानातून, मागे कोणी नसताना.

अकबर बादशाहने हजार चित्ते पाळले होते, असे जहाँगीरने आपल्या तुजुकमध्ये लिहून ठेवले आहे. जहाँगीर स्वतः शिकारीचा वेडा. पण त्याचाच मनसराज नावाचा एक पाळलेला काळवीट होता. तो मेल्यावर बादशाहने त्याच्या कबरीवर दगड बसवला, त्या भागात हरीण मारायला मनाई केली आणि ताकीद दिली की इथल्या हरणाचे मांस हिंदूने गाईसारखे आणि मुसलमानाने डुकरासारखे समजावे. लाहोरजवळ शेखूपुऱ्यात हिरन मीनार अजून उभा आहे. गंमत अशी की हा मनसराज दुसरी हरणे पकडायच्या कामात पटाईत होता. त्याच गुणासाठी तो बादशाहला प्यारा. हे आम्ही गाडीत बसून धाकट्याला सांगितले. तो म्हणाला, "आपा, इसको नाम नक्को दो." आम्ही त्या वाकड्या शिंगाच्या नराला मनसराज म्हणणार, हे त्याने आधीच ओळखले होते.

नाव दिले नाही. पण लहानपणी बकरीदेच्या बकऱ्याला आम्ही भावंडांनी दरवर्षी नाव दिले होते. महिनाभर त्याला मेथी चारायची, गळ्यात घुंगरू बांधायचे आणि त्या सकाळी अम्मीच्या पदरात तोंड खुपसून रडायचे. अब्बा रडू देत. म्हणत, रडू येत नसेल तर कसली कुर्बानी? सोबत्याला हे सांगितले तेव्हा त्याला ते फार कठोर वाटले. आम्हाला त्याचे दुकानातले पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मांस कठोर वाटते, ज्याला तोंडच नसते. सोबती भला माणूस, त्याने वाद घातला नाही.

आता बकरीचा विषय. धाकट्याने फोनवर अब्बांना हसत सांगितले की इथे याला गोट म्हणतात, तर अकीका यावरच उरकू. तिकडे पहाट, इकडे संध्याकाळचे पाच. अब्बा हसले नाहीत. म्हणाले, अकीका आणि कुर्बानी घरच्या जनावराची होते, रानातल्याची नाही. जे पाळले नाही ते देणार कसे? आणि सातव्या दिवशी त्यांनी सोलापुरात मुलीच्या नावाने एक बकरी जबह करून गोश्त वाटून टाकले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: गोळीने मेले तर?

हा प्रश्न लहान नाही. माइदा सूरेत शिकारीची इजाजत आहे, एहराम बांधलेला असताना मनाई आहे. एवढे सगळ्यांना ठाऊक. पण बंदूक नंतर आली. आमच्याकडचे बहुतेक हनफी उलमा म्हणतात, बाण धारेने कापतो, गोळी जोराने फोडते. म्हणून सुरी फिरवायच्या आत जीव गेला तर ते जनावर हलाल नाही. जिवंत सापडले आणि बिस्मिल्ला म्हणून जबह केले तर हलाल. लॅरमीच्या छोट्या मशिदीत नमाजला येणारे अरब विद्यार्थी सांगत की त्यांच्याकडे घोडा दाबताना बिस्मिल्ला म्हटले की झाले. धाकट्याला ते सोयीचे होते. पण अब्बा म्हणाले, "सोय पाहून मसला निवडायचा नाही."

दुसरीकडे सोबती. त्याचा मसलाही पक्का. त्याच्या मते शिकाऱ्याची पहिली जबाबदारी अशी की जनावराला कळायच्या आत ते संपले पाहिजे. खांद्यामागे फुफ्फुसात एक गोळी, बस. जिवंत सापडावे म्हणून मुद्दाम कच्ची गोळी घालणे याला तो सरळ गुन्हा म्हणाला. सुरी धारदार करावी, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, जनावराला त्रास कमी व्हावा, हे आपल्याकडेही लहानपणापासून शिकवतात. म्हणजे दोघांच्या बोलण्यात दया होती आणि दोघांचे ऐकले तर बंदूक कुठे रोखायची तेच कळत नव्हते. धाकटा तीन-चार पहाटे काही बोलला नाही. त्याच्या वहीत मात्र अंतर कमी होत गेले: दोनशे यार्ड, दीडशे, मग एकशे वीस. गोळी तिथेच, फुफ्फुसात. पण इतक्या जवळून की धावत जाऊन पंधरा-वीस सेकंदांत सुरी लावता यावी. त्यासाठी खळगा बदलला, हौदाकडे सरपटत जायची वाट दोनदा मोजली. आमच्या हातात घड्याळ देऊन तो सेजब्रशमधून वाकून धावला. सतरा सेकंद. तो परत आला तेव्हा ओठ निळसर झाले होते. सात हजार फुटांवर सतरा सेकंदही पुष्कळ होतात. नाही जमले तर? आम्ही विचारले. "तो गोश्त उसको दे देंगे," म्हणजे सोबत्याला. तिथल्या कायद्याने खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे गुन्हा आहे. फ्रीझर रिकामा राहिला असता आणि परवाना संपला असता.

जमिनीचे कोडे आणखी वेगळे. 1862 च्या कायद्याने अमेरिकन सरकारने रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एकआड एक चौरस मैलाचे तुकडे बहाल केले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. पांढरे घर सरकारी, काळे घर खाजगी. सरकारी घरात कोणीही शिकार करू शकतो, खाजगीत मालकाच्या परवानगीशिवाय नाही. आणि दोन सरकारी घरे फक्त कोपऱ्याला टेकतात. पश्चिमेला एल्क माउंटन दिसतो, तिथे 2021 मध्ये चार शिकाऱ्यांनी असा कोपरा शिडीने ओलांडला म्हणून खटले चालले. ज्यूरीने त्यांना सोडले, आणि मार्च 2025 मध्ये अपिलाच्या संघीय न्यायालयानेही शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पाय खाजगी मातीला लागला नव्हता, फक्त शरीर हवेतून गेले होते! अब्बांना हा किस्सा फार आवडला. रेल्वेच्या जमिनीवरून भांडणे सगळीकडे सारखीच, म्हणाले. आमच्या समोरून मैलभर लांबीच्या मालगाड्या जात. अब्बा व्हिडिओवर डबे मोजत आणि शेवटच्या डब्यात गार्ड नाही हे पाहून दर वेळी हळहळत. मागे पाहणारा माणूस हवा, असे त्यांचे मत. त्यांनी काळवीट पाहिले ते सगळे मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून.

हौद सरकारी घरात होता. त्याच्या पलीकडे चारशे पावलांवर अदृश्य रेघ, पुढे एका वृद्ध मालकाचे घर. परवानगी मागायला धाकटा आम्हाला बरोबर घेऊन गेला. बुरखा नाही, पण डोक्यावर ओढणी होतीच. म्हाताऱ्याने दारात उभे राहून ऐकून घेतले, आम्हाला पाणी दिले, आणि नाही म्हणाला. त्या घरात त्याची मुलगी दरवर्षी शिकार करते म्हणे. नकारही सभ्यपणे देता येतो, हे त्याच्याकडून घेण्याजोगे. निघताना त्याने कुंपणाची सगळ्यात खालची तार दाखवली. ती काटेरी नव्हती, गुळगुळीत होती आणि जमिनीपासून हातभर वर बांधलेली. जनावरांच्या पाठी सोलू नयेत म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही परतलो. शाळेत पहिली घटक चाचणी होऊन गेली होती, तपासायचे गठ्ठे टेबलावर. आमची वही धाकट्याकडेच राहिली.

हंगाम उघडला त्या दिवशी तो पहाटे तीनपासून खळग्यात होता. उजाडता उजाडता उत्तरेकडून दुसऱ्या कोणाच्या तरी बंदुकीचे बार झाले आणि माळावरचे सगळे पांढरे ठिपके एकदम फुलले. वाकड्या शिंगाचा नर माद्यांना हाकत हौदाशेजारून गेला, एकशे वीस यार्डांच्याही आतून, पण पळत. पळत्यावर गोळी टाकायची नाही हे आधीच ठरलेले. पुढे रेघ ओलांडून तो थांबला आणि वळून उभा राहिला. आडवा, स्वच्छ, सकाळच्या उजेडात. धाकटा म्हणतो, दुर्बिणीतून तो मला पाहत होता की मी त्याला, कळत नव्हते. तो सूर्य वर येईपर्यंत तिथेच चरला. धाकटा दफ्तराला गेला.

सहाव्या दिवशी त्याच हौदावर त्याला एक मादी मिळाली. परवाना नर-मादी कोणत्याही एकाचा होता. गोळी बरोबर लागली, ती चाळीस पावले चालून बसली, आणि तो पोचला तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि श्वास चालू होता. सुरी फिरवताना हात थरथरला का, हे आम्ही विचारले नाही, अब्बांनी विचारले. त्याने खरे सांगितले. मग चामडे लगेच उतरवावे लागते, नाहीतर उष्णतेने मांस बिघडते; ते काम सोबत्याने शिकवले. विहीणबाईंनी हैदराबादी पद्धतीने दालचा केला. गोश्ताला किंचित दवण्याचा वास होता म्हणे. मशिदीतल्या पोरांनी पातेले चाटून पुसून ठेवले, त्यांच्यात कोणी गोळीचा मसला काढला नाही.

मादी कोणत्या नंबरची होती, असे आम्ही फोनवर विचारले. मानेवरचा पट्टा तुटक होता का? कान?

"आपा," तो म्हणाला, "आपकी कापी मैं घर पे रखके गया था."